नदी कोणाची? : पेनॉबस्कॉट लोकांच्या कथा, गाणी आणि जमिनीखालचे पुरावे

अमेरिकेतील 'रेड इंडियन' म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर उभे राहणारे चित्र बहुधा सिनेमातले असते. उघडे माळरान, भरधाव घोडा, स्वाराच्या डोक्यावर पिसांचा मुकुट. प्रस्तुत लेखात ज्या लोकांची ओळख करून द्यायची आहे त्यांचा या चित्राशी फारसा संबंध नाही. पेनॉबस्कॉट हे अरण्यातले आणि नदीवरचे लोक. त्यांचे वाहन म्हणजे भूर्जवृक्षाच्या सालीची होडी. ती इतकी हलकी की एका नदीतून दुसऱ्या नदीत जायचे झाले तर माणसाने ती डोक्यावर घेऊन मधला डोंगर ओलांडावा.

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, कॅनडाच्या सीमेला लागून मेन नावाचे राज्य आहे. त्याच्या मधोमध पेनॉबस्कॉट नदी वाहते. मुख्य प्रवाह सुमारे 175 किलोमीटरचा, पण तिच्या उपनद्यांचा पसारा एवढा की राज्याची जवळजवळ चौथाई भूमी तिच्या खोऱ्यात येते. ओल्ड टाऊन या गावाजवळ नदीत एक बेट आहे. त्याचे नाव इंडियन आयलंड. हे पेनॉबस्कॉटांचे मुख्य वसतिस्थान. 1950 साली पूल होईपर्यंत तेथे उन्हाळ्यात नावेने आणि हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून चालत जावे लागे. 'पेनॉबस्कॉट' हे नावही मूळचे याच परिसरातील नदीच्या एका टप्प्याचे. खडक जेथे रुंदावत जातात ती जागा, असा त्याचा अर्थ सांगतात. पुढे ते नाव नदीला, लोकांना आणि समुद्रावरील उपसागरालाही मिळाले. पासामाक्वोडी, मॅलिसीट, मिकमॅक आणि अबेनाकी या शेजारच्या जमातींसह हे लोक स्वतःला वाबानाकी म्हणवतात. वाबानाकी म्हणजे पहाटेच्या भूमीतले लोक. हा त्या खंडाचा पूर्वेकडचा किनारा आहे, तेव्हा हे नाव नुसते काव्य नव्हे, भूगोलही आहे.

आता त्यांच्या नदीची गोष्ट ऐकावी. अग्लेबेमु नावाचा एक जलराक्षस होता. त्याने सगळे पाणी अडवून धरले. खालच्या वस्तीतली माणसे तहानेने तडफडू लागली. तेव्हा ग्लुस्काबे तेथे आला. ग्लुस्काबे हा त्यांच्या कथांचा नायक, अचाट शक्तीचा, थोडा खोडकर, आणि जगाला माणसाच्या राहण्याजोगे करून देणारा. त्याने अग्लेबेमुला पाणी सोडण्यास सांगितले, तो ऐकेना. मग ग्लुस्काबेने एक प्रचंड झाड तोडून त्याच्या अंगावर पाडले. राक्षस मेला आणि अडलेले पाणी धावत सुटले. झाडाचे खोड पडले तेथे पेनॉबस्कॉट नदी झाली आणि फांद्या पडल्या तेथे तिच्या उपनद्या. तहानेने वेडी झालेली काही माणसे पाण्यात उड्या घेती झाली. त्यांतली कोणी मासे झाली, कोणी बेडूक, कोणी कासव. जी काठावर उरली त्यांनी आपल्या या पाण्यात गेलेल्या नातलगांची नावे आपापल्या कुळांना दिली.

पाणी अडवणारा राक्षस आणि त्याला मारणारा वीर म्हटल्यावर मराठी वाचकाला वृत्र आणि इंद्र आठवल्याशिवाय राहणार नाहीत. परंतु एवढ्यावरून दोन समाजांचे नाते जुळवायला निघू नये. पाणी अडले की माणूस मरतो, हा अनुभव कोणा एका वंशाचा नाही. या कथेत अधिक लक्षणीय आहे ती शेवटची गोष्ट. येथे नदी ही लोकांची मालमत्ता होत नाही. नदीतले जीव हे लोकांचे सोयरे होतात. कुळ आणि मासा यांचा संबंध रक्ताचा आहे. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे न्यायालयाचा विषय निघेल तेव्हा तो उपयोगी पडेल.

ग्लुस्काबेच्या इतर कथाही अशाच आहेत. तो आपल्या आजीबरोबर राहतो. ही आजी म्हणजे वुडचक, म्हणजे बिळात राहणारा एक गुबगुबीत, खारीच्या कुळातला प्राणी. शिकारीला जाऊन दमायचे कशाला, म्हणून ग्लुस्काबे आजीकडून तिच्या अंगावरच्या केसांची एक जादूची पिशवी करून घेतो आणि जग बुडणार आहे अशी थाप मारून रानातले झाडून सारे प्राणी तिच्यात भरून आणतो. आजी प्रसन्न होण्याऐवजी त्याला चांगलाच फैलावर घेते : उद्या आपल्या नातवंडापतवंडांनी खायचे काय? तो मुकाट्याने पिशवी उघडतो. दुसऱ्या एका कथेत तो बांध घालून सगळे मासे कोंडतो. पुन्हा आजीची बोलणी, पुन्हा सुटका. आणखी एका कथेत वाऱ्यामुळे होडी चालवता येईना म्हणून तो वारा घालणाऱ्या महापक्ष्याचे पंख बांधतो. वारा थांबतो, पाणी सडू लागते, आणि त्याला परत जाऊन पंख सोडावे लागतात. पराक्रमी नायकाला प्रत्येक वेळी म्हातारीकडून शहाणपण शिकावे लागते, ही या कथांची गंमत. हिवाळ्याच्या लांब रात्री शेकोटीशी बसून त्या सांगितल्या जात. शिकारीवर जगणाऱ्या समाजाला किती मारावे आणि केव्हा थांबावे याचे शिक्षण याहून सोप्या रीतीने देता आले असते असे वाटत नाही.

या कथा कागदावर कशा आल्या, हीसुद्धा एक कथाच आहे. 1884 मध्ये चार्ल्स लेलंड यांनी या प्रदेशातील दंतकथांचा संग्रह प्रसिद्ध केला. लेलंड यांना त्यांत उत्तर युरोपातील नॉर्स पुराणांचे पडसाद ऐकू आले. या लोकांना स्वतःची कल्पनाशक्ती असू शकते हे त्या काळच्या विद्वानांना जरा जड जात असावे. त्याला उत्तर म्हणावे असे पुस्तक 1893 मध्ये जोसेफ निकोलर या पेनॉबस्कॉट गृहस्थांनी बँगोर शहरात छापले. राज्याच्या विधिमंडळात आपल्या जमातीचे प्रतिनिधी राहिलेल्या निकोलर यांनी, गोऱ्यांच्या इतिहासग्रंथांचा आपण आधार घेतलेला नाही, असे प्रास्ताविकातच बजावले आहे. पुढे फ्रँक स्पेक हे मानववंशशास्त्रज्ञ आले. न्यूएल लायन यांनी पेनॉबस्कॉट भाषेत सांगितलेल्या ग्लुस्काबेच्या कथा त्यांनी शब्दशः उतरवून 1918 मध्ये छापल्या, आणि 1940 मध्ये 'पेनॉबस्कॉट मॅन' हा या लोकांच्या जीवनावरचा मोठा ग्रंथ लिहिला.

कथेहून गाणे टिपणे अवघड. त्याला यंत्र हवे. जगात एखाद्या समाजाचे पारंपरिक गाणे त्यांच्याच प्रदेशात जाऊन यंत्रावर ध्वनिमुद्रित करण्याचा पहिला प्रयोग पेनॉबस्कॉटांच्या अगदी शेजारी झाला. मार्च 1890 मध्ये जेसी वॉल्टर फ्यूक्स हे एडिसनचा फोनोग्राफ घेऊन मेनमधील कॅले या गावी गेले आणि तेथे त्यांनी पासामाक्वोडी लोकांची गाणी व कथा मेणाच्या नळकांड्यांवर उतरवल्या. एका नळकांड्यावर जेमतेम दोन-तीन मिनिटे मावत. त्यांत सर्पनृत्याचे गाणे आहे, वस्तूंची देवघेव करताना म्हणायचे गाणे आहे. ही नळकांडी आधी हार्वर्डच्या संग्रहालयात, मग वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेली. गाणाऱ्यांच्या वंशजांना ती नीट ऐकायला मिळेपर्यंत जवळजवळ एक शतक लोटले. अलीकडच्या वर्षांत नवीन तंत्राने आवाज स्वच्छ करून मुद्रणे त्यांच्याकडे आली, आणि कोणते गाणे सर्वांनी ऐकावे व कोणते नाही हे ठरवण्यात आता पासामाक्वोडींचा शब्द घेतला जातो. पेनॉबस्कॉटांची गाणी पुढे स्पेक यांनी अशाच नळकांड्यांवर घेतली.

ढोलकीच्या किंवा खुळखुळ्याच्या ठेक्यावर एकाने उचलायचे आणि इतरांनी साथ द्यायची, अशी यांतली पुष्कळशी गाणी आहेत. अर्थवाही शब्द थोडे, आणि आपल्या तराण्यासारखे नुसते नादाचे बोल बरेच. पाहुण्या जमातीच्या स्वागताचे गाणे, प्रमुखाच्या निवडीनंतरचे नाच, असा बऱ्याच गाण्यांना सार्वजनिक प्रसंग असे. फ्रेंच धर्मोपदेशकांमुळे हे लोक सतराव्या शतकापासून कॅथलिक होत गेले, आणि प्रार्थनागीतेही त्यांच्या भाषेत शिरली. 1857 मध्ये प्रसिद्ध लेखक हेन्री थोरो जो पोलिस या पेनॉबस्कॉट वाटाड्याबरोबर मेनच्या अरण्यात हिंडत होते. एका रात्री तंबूत पोलिस यांनी आपल्या भाषेत एक संथ, काहीसे अनुनासिक पण गोड गीत म्हटले. थोरो यांना अरण्याचा आदिम स्वर हवा होता. पण हे बहुधा मिशनऱ्यांनी शिकवलेले स्तोत्र असावे असे त्यांनी लिहून ठेवले. ते पोलिस यांच्याच गळ्यातून, पोलिस यांच्याच भाषेत येत होते, याला काही मोल नाही काय?

'खरे इंडियन' ऐकण्याची ही हौस पुढे बाजारातही आली. निकोलर यांची कन्या ल्यूसी चांगली गायिका होती. 'प्रिन्सेस वाटाहवासो' या नावाने तिने अमेरिकाभर कार्यक्रम केले आणि व्हिक्टर कंपनीसाठी ध्वनिमुद्रिकाही गायल्या. पण त्यांतली 'बाय द वॉटर्स ऑफ मिनेटोंका' ही गाजलेली चीज थर्लो लियुरन्स या गोऱ्या संगीतकाराची, आणि तिचा संदर्भ दूरच्या सू लोकांचा. श्रोत्यांना इंडियन हवा होता. तो कोणत्या नदीकाठचा, याची चौकशी कोणी करीत नसे. ल्यूसी पुढे बेटावर परतली. पूल व्हावा म्हणून आणि मतदानाच्या हक्कासाठी तिने व तिची बहीण फ्लॉरेन्स यांनी खटपट केली, आणि 1955 मध्ये बेटावरून राज्याच्या निवडणुकीत पहिले मत तिने टाकले. तिच्यानंतरच्या पिढीतली मॉली स्पॉटेड एल्क ही नर्तकी न्यूयॉर्क आणि पॅरिसच्या रंगमंचावर नाचली; तिने लहानपणापासून ऐकलेल्या कथा टिपून ठेवल्या होत्या, त्या तिच्या मृत्यूनंतर सव्वीस वर्षांनी, 2003 मध्ये छापल्या गेल्या.

आता जमिनीखाली उतरू. मेनच्या अरण्यातील माती आम्लधर्मी आहे. तीत हाडे विरघळून जातात. यामुळे 1892 मध्ये चार्ल्स विलोबी यांनी नदीच्या मुखाजवळ बक्सपोर्ट येथे जुनी दफनस्थाने उकरली तेव्हा सांगाडे जवळजवळ नव्हतेच. होता तो लालभडक गेरू, आणि त्यात नीट मांडलेली घासून गुळगुळीत केलेली दगडी हत्यारे. लाकूड कोरण्याची पन्हळी छिन्नी, वाकस, पाटीच्या दगडाची लांब भाल्याची टोके. या गेरूवरून 'रेड पेंट पीपल', म्हणजे लाल रंगाचे लोक, असे नाव रूढ झाले. वॉरन मूरहेड यांनी 1922 च्या आपल्या अहवालात हा एक वेगळाच, नाहीसा झालेला समाज मानला. ही कल्पना लोकप्रिय झाली. मेलेला समाज वारस म्हणून पुढे येत नाही, ही तिची सोय होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अरण्यात जे विरघळले ते किनाऱ्यावर टिकले. तेथे हजारो वर्षे लोकांनी शिंपले खाऊन टाकलेल्या टरफलांचे ढीग आहेत. टरफलांतील चुन्याने मातीचे आम्ल मरते आणि हाडे शाबूत राहतात. नॉर्थ हेवन बेटावरील टर्नर फार्म या ठिकाणी 1970 च्या दशकात ब्रूस बूर्क यांनी केलेल्या उत्खननात, त्याच गेरूच्या काळातील थरात, म्हणजे सुमारे चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या, तलवारमाशाची हाडे मिळाली. हा मासा खोल पाण्यातला, अंगाने अवाढव्य आणि उलटून होडीवर धावून जाणारा. तो मारणारे लोक समुद्रावर सराईतपणे वावरत असले पाहिजेत. लाकूड कोरण्याच्या छिन्न्या कशासाठी होत्या, याचाही त्यावरून अंदाज येतो. हे ढीग आता समुद्राची वाढती पातळी कुरतडीत आहे. काही तर माणसानेच संपवले : डॅमरिस्कोटा येथील कालवांच्या टरफलांचा एक प्रचंड ढीग 1880 च्या दशकात खणून कोंबड्यांच्या खाद्यासाठी दळून टाकला.

याच किनाऱ्यावर नॅस्कीग येथे 1957 मध्ये एक भोक पाडलेले चांदीचे नाणे सापडले. 1978 मध्ये ते नॉर्वेचा राजा ओलाफ किरे याच्या काळातील, म्हणजे 1067 ते 1093 मधील ठरले, आणि लेलंड यांचे नॉर्स लोक खरेच आले होते की काय अशी चर्चा सुरू झाली. ते तेथे कसे पोचले याविषयी शंका घेणारेही आहेत. परंतु त्या जागी नॉर्स वसतीचे दुसरे चिन्ह नाही; आहे तो उत्तरेकडे लॅब्रॅडॉरमधून आलेला रामा जातीचा दगड. तेव्हा नाणे खरे असेल तर तेही त्याच वाटेने, हातोहात, मूळच्या लोकांच्या व्यापारातून आले असावे, हेच अधिक सयुक्तिक वाटते.

कथा आणि उत्खनन यांची गाठ कोठे पडते? दोन ठिकाणे सांगतो. ग्लुस्काबेने मासे कोंडले तो बांध आठवा. मेनमधील सेबॅस्टिकूक सरोवराच्या तळाशी लाकडी खुंट्यांच्या रांगा सापडल्या. त्या मासे अडवण्याच्या कुंपणाच्या आहेत, आणि त्यांतल्या सर्वांत जुन्या खुंट्या पाच हजार वर्षांहून अधिक जुन्या आहेत. हे सरोवर शेजारच्या केनेबेक नदीच्या खोऱ्यात येते. ती गोष्ट त्या खुंट्यांबद्दलच आहे असे कोणी म्हणणार नाही. पण सगळे मासे धरता येतील असे साधन हाती असलेल्या लोकांनाच सगळे मासे धरू नयेत ही कथा सुचते.

दुसरे ठिकाण मूसहेड सरोवरातील किनियो पर्वत. मूस म्हणजे सांबराच्या दुप्पट-तिप्पट वजनाचे तिकडचे हरिण. पोलिस यांनी थोरो यांना सांगितले की हा पर्वत म्हणजे एका महान शिकाऱ्याने मारलेली मूसची मादी, आणि तिचे पिलू पार पेनॉबस्कॉट उपसागरातील बेटांत मारले गेले. ही गोष्ट फार ताणून, उगाच विस्मयाने सांगितली जाते अशी तक्रार थोरो करतात. त्याच प्रवासवर्णनात ते लिहितात की किनियोच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या राखी दगडाचे शेकडो बाण आपल्याला सापडले आहेत. हा दगड म्हणजे ऱ्हायोलाइट. हजारो वर्षे त्याची हत्यारे घडवली गेली आणि ती न्यू इंग्लंडभर व कॅनडाच्या किनाऱ्यापर्यंत मिळतात. सरोवरापासून उपसागर दीडशे किलोमीटरहून दूर आहे. हिवाळ्यात आत शिकारीला आणि उन्हाळ्यात समुद्राकडे, असा ज्यांचा वर्षाचा फेरा होता त्यांना ती गोष्ट पाठ असणे म्हणजे वाट पाठ असणे. थोरो यांच्या हाती दगड आणि कथा दोन्ही होत्या; त्यांनी एक खिशात टाकला आणि दुसरीला जांभई दिली.

कथा हा पुरावा आहे काय, हा प्रश्न आता केवळ विद्वानांचा राहिलेला नाही. 1990 मध्ये अमेरिकेत एक कायदा झाला. संग्रहालयांतील मानवी अवशेष आणि दफनातील वस्तू संबंधित जमातींना परत कराव्यात, आणि नाते ठरवताना पुरातत्त्व, भाषा, भूगोल यांच्याबरोबर मौखिक परंपराही विचारात घ्यावी, असे तो सांगतो. लाल गेरूचे लोक आपले पूर्वज, असे वाबानाकी म्हणतात. सुमारे 3,800 वर्षांपूर्वी हत्यारांची घडण एकदम बदलते, याकडे काही पुरातत्त्वज्ञ बोट दाखवतात. घडण बदलली म्हणजे माणसेच बदलली असे होत नाही, हे कायद्याने नव्हे तरी सामान्य समजुतीने मान्य व्हावे.

भाषेची हकीकत याहून चमत्कारिक आहे. फ्रँक सीबर्ट नावाच्या डॉक्टरांनी आयुष्यभर पेनॉबस्कॉट भाषेचा ध्यास घेतला, तिच्यासाठी लिपीची पद्धत बसवली, बेटासमोर ओल्ड टाऊनला बिऱ्हाड केले आणि बेटावरच्या माणसांच्या मदतीने हजारो शब्दांचा कोश जमवला. 1993 मध्ये ही भाषा अस्खलित बोलणारी शेवटची व्यक्ती गेली. 1998 मध्ये सीबर्टही वारले. त्यांची टिपणे फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीकडे गेली, आणि त्यांचा ग्रंथसंग्रह 1999 मध्ये लिलावात 1 कोटी 20 लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकला गेला. आजीने सांगितलेला शब्द पाहण्यासाठी नातीने फिलाडेल्फियाला पत्र लिहावे, अशी ही स्थिती. ती बदलण्यासाठी वाटाघाटी झाल्या. 2018 मध्ये मेन विद्यापीठानेही पेनॉबस्कॉटांच्या वारशाची व्यवस्था त्यांच्या सल्ल्याने करण्याचा करार केला.

नदीचे काय झाले? एकोणिसाव्या शतकापासून लाकूड आणि वीज यांसाठी तिच्यावर धरणे आली, आणि समुद्रातून वर चढणारे सामन व इतर मासे अडले. अग्लेबेमुचे नाव यावेळी कोणी घेतले नाही, पण काम तेच होते. पेनॉबस्कॉट आणि निसर्गरक्षक संस्थांनी मिळून 2010 मध्ये तीन धरणे विकत घेतली. 2012 मध्ये ग्रेट वर्क्स आणि 2013 मध्ये व्हीझी ही धरणे पाडली. मासे वर येऊ लागले, काही जाती तर लाखांनी.

मात्र त्याच सुमारास पाण्याच्या मालकीचा तंटा उभा राहिला. 1980 च्या तडजोड कायद्याने वाबानाकींनी राज्याच्या जवळपास दोन तृतीयांश भूमीवरील दावा सोडला होता, आणि त्यांना 8 कोटी 15 लाख डॉलर मिळाले होते. त्यात पेनॉबस्कॉटांची राखीव भूमी म्हणजे नदीतील बेटे, असे शब्द आहेत. 2012 मध्ये राज्याने भूमिका घेतली की बेटे म्हणजे केवळ जमीन. भोवतालचे पाणी त्यांत येत नाही. खटला झाला. जुलै 2021 मध्ये वरिष्ठ संघीय न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी राज्याच्या बाजूने निकाल दिला, आणि एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. गंमत अशी की उदरनिर्वाहापुरती मासेमारी राखीव भूमीच्या हद्दीत करण्याचा हक्क त्यांना कायद्यानेच दिलेला आहे. पाणी हद्दीत नसेल तर मासे बेटाच्या कोरड्या जमिनीवर धरायचे काय? हा विसंवाद वेगळे मत देणाऱ्या न्यायाधीशांनीही दाखवला.

त्याच 2021 साली, न्यूएल लायन यांनी स्पेक यांना सांगितलेल्या ग्लुस्काबेच्या कथांचा पहिला खंड नव्याने छापून निघाला. तो सिद्ध करणाऱ्या तिघांत कॅरल डेना या आहेत. त्या बेटावरच्या, आणि तरुणपणी त्यांनी सीबर्ट यांच्याबरोबर कोशाचे काम केलेले. कथा मूळ पेनॉबस्कॉट भाषेत आहेत, जोडीला इंग्रजी भाषांतर आहे, आणि बेटावरची मुले हा मजकूर मोठ्याने वाचायला शिकतात.